कुत्र्या-मांजराला गाठ आली तर : कोल्हापुरातून करायची कृती

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. इथल्या गावोगावच्या पशुवैद्याचा दिवस गाभण म्हशी, स्तनदाह आणि लाळ-खुरकूत यांत जातो. कॅन्सर त्याने पाहिलेला असतो तो बैलाच्या शिंगाचा. शिंग एका बाजूला कलते, नाकपुडीतून रक्त येते आणि शेवटी शिंग मुळापासून काढावे लागते. उसाच्या गाड्यांना बैल जुंपणाऱ्या भागातल्या जुन्या डॉक्टरांचा या शस्त्रक्रियेवर चांगला हात बसलेला असतो. घरातल्या लॅब्रॅडॉरच्या गळ्याखाली लागलेली गाठ हा त्या मानाने नवा विषय. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वाढले, तरी गाठ सापडली की घरात एकच प्रश्न फिरतो, ‘कॅन्सरचा स्पेशालिस्ट कुठं मिळंल?’

माणसांना असतो तसा एकच ऑन्कोलॉजिस्ट शोधत बसू नका. आपल्याकडे पशुवैद्यकाच्या पदवीनंतर सर्जरी, मेडिसिन, पॅथॉलॉजी, स्त्रीरोग-प्रसूती अशा विषयांत एमव्हीएससी करतात आणि कॅन्सरचे काम या सगळ्यांत वाटले गेलेले असते. गाठ कसली आहे हे पॅथॉलॉजिस्ट सांगतो, ती सर्जन काढतो, केमोथेरपी मेडिसिनवाला ठरवतो, एक्स-रे आणि सोनोग्राफी रेडिओलॉजीचा जाणकार वाचतो. या चौघांना जोडून धरणारा पाचवा माणूस म्हणजे तुमचा नेहमीचा डॉक्टर. म्हणून मोठे नाव शोधण्याआधी क्रम सांभाळायचा. आधी निदान, मग आजाराचा पसारा किती ते पाहणे, मग सुरी किंवा औषध. हा क्रम उलटा झाला तर मुंबईच्या नामांकित तज्ज्ञाच्याही हातात फारसे उरत नाही.

१. महिन्यातून एकदा हात फिरवा

जनावर निवांत असताना जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंनी चाचपा. लसिकाग्रंथी या तीन ठिकाणी हाताला लागतात. निरोगी असताना त्या लहान असतात किंवा लागतच नाहीत. मादी असेल तर सडांची पूर्ण ओळ बघा. कुत्रीला साधारण पाच जोड्या असतात, मांजरीला चार. नरालाही सड असतात हे अनेकांच्या गावी नसते. गोचीड समजून चिमट्याने सड ओढणारे लोक डॉक्टरांना दरवर्षी भेटतात. नंतर तोंड उघडून हिरड्या आणि जिभेखालचा भाग बघा. पांढऱ्या मांजराच्या कानांची टोके वेगळी तपासा. उन्हाने तिथे होणारी आणि न भरणारी जखम पुष्कळदा त्वचेच्या कॅन्सरची सुरुवात असते.

गाठ सापडली तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. वहीत तारीख, जागा आणि माप लिहा. मग साधा नियम पाळा : गाठ वाटाण्यापेक्षा मोठी असेल, म्हणजे एक सेंटिमीटरच्या पुढे, किंवा महिनाभर तशीच टिकून असेल, तर तिच्यात सुई गेलीच पाहिजे. ‘चरबीची असंल, राहू दे’ हे वाक्य खरेही निघू शकते, कारण म्हाताऱ्या कुत्र्यांना चरबीच्या निरुपद्रवी गाठी भरपूर येतात. पण ती चरबीच आहे हे बोटांना कळत नाही.

गाठीशिवायही काही खुणा असतात. मोठ्या जातीचा कुत्रा दोन आठवड्यांहून जास्त लंगडत असेल तर वेदनाशामकाची तिसरी पट्टी न आणता एक्स-रे काढा. हाडाचा कॅन्सर बहुधा पुढच्या पायात मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास येतो. म्हातारे कुत्रे अचानक कोसळले आणि हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर प्लीहेतली गाठ फुटून पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी वही-फोटो बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठावा. मांजराचा दात काढल्यानंतर ती जागा भरत नसेल, तर तेही तितक्याच गांभीर्याने घ्या.

२. सुई लागेपर्यंत काहीही लावू नका, काहीही देऊ नका

या पायरीवर सगळ्यात जास्त नुकसान होते. गाठीवर डाग देणे, बिब्बा लावणे, गरम शेक देणे, दाबून ‘पू’ काढायला बघणे, हे सगळे बंद. मास्ट सेल ट्यूमर नावाची कातडीची गाठ दाबली की तिच्यातले हिस्टामिन बाहेर पडते, आजूबाजूचा भाग सुजतो आणि कधी जनावराला उलट्याही होतात. आज मोठी, उद्या लहान, परवा लाल असे खेळ करणारी गाठ ही बहुतेक तीच असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिले की लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, गाठी चार दिवसांत बसतात, कुत्रे खायला लागते, घरात आनंद होतो. महिन्याभरात गाठी परत येतात. तोवर दोन गोष्टी बिघडलेल्या असतात : नमुन्यात निदान नीट उमटत नाही आणि पुढची केमो पूर्वीसारखी लागू पडत नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘डॉक्टर, ह्या इंजेक्शनात स्टेरॉइड आहे का? आधी सुई घेऊन मग दिलं तर चालंल का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आधीच कुणी स्टेरॉइड दिले असेल तर लपवू नका. औषधाचे नाव आणि तारीख वहीत लिहा.

डॉक्टर निवडताना पाटीवरची पदवी वाचा. बीव्हीएससी अँड एएच ही पशुवैद्यकाची मूळ पदवी आहे आणि राज्यात काम करणाऱ्या पशुवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते. इंजेक्शन टोचता येणारा प्रत्येक माणूस पशुवैद्य नसतो. शिवाय हेही विचारा की दवाखान्यात कुत्र्या-मांजरांचे काम किती चालते, बेशुद्ध करून शस्त्रक्रिया होतात का, नमुने कुठल्या पॅथॉलॉजिस्टकडे जातात. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चटकन आले तर तुम्ही योग्य दारात आहात.

३. सुई तपासणी, आणि तिच्याआधी गोचिडताप

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर पसरणे. इंजेक्शनच्याच जाडीची सुई असते. बहुतेक वेळा भूल लागत नाही. काच हवेत वाळवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. चरबी, पू, मास्ट सेल, लिम्फोमा यांतले पुष्कळसे इथेच उलगडते. सडांच्या गाठी आणि हाडाच्या गाठी मात्र सुईला नीट सापडत नाहीत. त्यांना बायोप्सी लागते.

कोल्हापूरच्या हवेत एक मेख आहे. पावसाळ्यात आणि नंतर गोचिडी फोफावतात, आणि गोचिडतापातही लसिकाग्रंथी सुजतात, प्लेटलेट उतरतात, नाकातून रक्त येते. हीच लक्षणे कॅन्सरचीही असतात. त्यामुळे ग्रंथी वाढलेल्या कुत्र्याचे रक्त आधी एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडतापाच्या जंतूंसाठी तपासून घ्या. गोचिडतापातल्या ग्रंथी सहसा थोड्याच वाढतात. लिम्फोमाच्या मोठ्या, टणक आणि न दुखणाऱ्या असतात. तरी अंदाजावर जाऊ नये. दोन्ही आजार एकाच कुत्र्यात असू शकतात, आणि प्लेटलेट कमी असताना सुरी लावली तर रक्त थांबवणे कठीण जाते.

रक्त माणसांच्या लॅबमध्ये दिले असेल तर आकडे डोळे झाकून स्वीकारू नका. मशीन माणसाच्या पेशींच्या मापावर लावलेले असते. मांजरांच्या प्लेटलेट तर गुठळ्या करून बसतात आणि मशीन त्या कमी मोजते. रक्ताची काच पशुवैद्याने डोळ्यांनी बघितलेली बरी.

४. नमुना नीट पाठवा

बायोप्सीचा तुकडा किंवा काढलेली गाठ पुण्या-मुंबईला कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने जाते. निदान चुकण्याचे एक अगदी साधे कारण या प्रवासात असते, म्हणून डॉक्टरांच्या कंपाउंडरबरोबर उभे राहून स्वतः खात्री करा.

तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये हवा, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट. बाटली रुंद तोंडाची घ्यावी, कारण ताजा तुकडा अरुंद तोंडातून आत ढकलला जातो आणि ताठ झाल्यावर बाहेर निघत नाही. सलाइन किंवा स्पिरिट चालत नाही. फ्रीजरमध्ये ठेवले तर पेशी फुटतात. काचेच्या स्लाइड आणि फॉर्मॅलिनची बाटली एका डब्यात कधीही भरू नका. फॉर्मॅलिनची नुसती वाफ लागली तरी स्लाइडवरच्या पेशी रंग घेत नाहीत. ही गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात. बाटलीवर जनावराचे नाव, वय, जात, नर-मादी, नसबंदी झाली आहे का, गाठीची जागा, माप, किती दिवसांची आहे आणि आधी कोणती औषधे दिली हे लिहा. पॅथॉलॉजिस्ट तुमच्या कुत्र्याला कधीच भेटत नाही. त्याच्या हातात ही चिठ्ठी आणि तो तुकडा, एवढेच असते. आणि या सगळ्या कामात सर्वांत वजनदार मत त्याचेच.

एक आग्रह धरा : शस्त्रक्रियेत निघालेली गाठ पूर्ण तपासायला जावी. ‘काढली, आता टेन्शन नाही’ म्हणून ती कचऱ्यात गेली की ती कोणती होती आणि तिची मुळे आत राहिली का, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

५. रिपोर्ट वाचणे

रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि त्यात तीन गोष्टी शोधायच्या असतात. गाठीचे नाव. तिचा ग्रेड, म्हणजे ती किती आक्रमक आहे. आणि मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या का. मार्जिन ‘क्लीन’ असेल तर उत्तम. नसेल तर पुन्हा कापणे, केमो किंवा बारीक लक्ष यांतून निवड करायची असते. ही निवड इंटरनेटवर करू नये. रिपोर्ट संदिग्ध वाटला तर तुमच्या डॉक्टरांना पॅथॉलॉजिस्टशी फोनवर बोलायला सांगा. ते बोलतात. गरज वाटली तर तपासणीसाठी तुकडा ज्यात बसवलेला असतो ते मेणाचे ठोकळे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडेही पाठवता येतात.

६. पसारा मोजणे

नाव कळले की आजार कुठवर गेला ते पाहायचे. यासाठी छातीचा एक्स-रे तीन बाजूंनी हवा : उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणे किंवा पालथे. एकाच बाजूचा एक्स-रे काढून ‘फुप्फुस साफ’ म्हणणे धोक्याचे, कारण खाली दबलेल्या फुप्फुसातली गाठ त्यात लपते. अगदी बारीक गाठी एक्स-रेत दिसत नाहीत. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो आणि त्याची सोय मोठ्या शहरांत असते. पोटाची सोनोग्राफी यकृत, प्लीहा आणि पोटातल्या ग्रंथींसाठी. रक्तात पेशींची गणना, यकृत आणि मूत्रपिंड. गाठीजवळची लसिकाग्रंथी मोठी नसली तरी तिच्यात सुई घालून बघावी.

लोक या पायरीला खर्च म्हणून नाक मुरडतात. माझ्या मते हाच सगळ्यात वसूल होणारा खर्च. फुप्फुसात पसरलेला कॅन्सर असताना पाय कापला, तर जनावराच्या वाट्याला नुसती जखम येते.

७. बाहेर जायचे तर कुठे, कसे

सगळ्यांनी सगळ्यासाठी पुण्याला धावायची गरज नाही. साधी, पसरलेली नसलेली गाठ कोल्हापुरातला चांगला सर्जन काढू शकतो. जबड्याची शस्त्रक्रिया, पाय काढणे, छाती उघडणे, गुंतागुंतीची केमो, सीटी, यांसाठी बाहेर जा.

महामार्गावर सगळ्यात जवळचे सरकारी ठिकाण म्हणजे शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. १९८८ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येते. खंबाटकी घाट उतरला की थोड्या अंतरावर, कोल्हापूरहून साधारण पावणेदोनशे किलोमीटर. सर्जरी, मेडिसिन आणि पॅथॉलॉजीचे शिक्षक एका आवारात असणे हा महाविद्यालयाचा मोठा फायदा. तिथे वेळ लागतो, विद्यार्थी भोवती जमतात, पण तुमच्या कुत्र्याबद्दल चार विभागांत चर्चा होते. पुढे पुण्यात खासगी तज्ज्ञ आहेत. मुंबईत १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी जोडलेले परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. रेडिएशनची सोय जनावरांसाठी देशातच फार तुरळक आहे, त्यामुळे परदेशी लेख वाचून तिच्या भरवशावर बेत आखू नका.

निघण्यापूर्वी फोन करून ओपीडीचा वार, वेळ आणि तो तज्ज्ञ त्या दिवशी आहे का हे विचारा. तुमच्या डॉक्टरांकडून रेफरन्सची चिठ्ठी घ्या. फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने फोटो, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे (फिल्म असेल तर फिल्मच), पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांची यादी ठेवा. शक्य असेल तर स्लाइडही मागून घ्या.

उन्हाळ्यात पहाटे निघा. लांब नाकाच्या कुत्र्यालाही गाडीत उष्माघात होतो, पगला तर लवकरच. भूल द्यायची असेल तर किती तास उपाशी ठेवायचे ते आदल्या दिवशी विचारा. रेल्वेने जायचे तर कुत्र्याला पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात नेता येते, पण अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर घेतली तरच. नाहीतर ब्रेकव्हॅनमधली पेटी, आणि आजारी जनावराला ती नको. पावसाळ्यात केमो चालू असेल तर आणखी एक तजवीज हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता. केमोचे वेळापत्रक पुरासाठी थांबत नाही. पहिल्या भेटीतच तज्ज्ञाला विचारा की मधले डोस कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी द्यायचे का. बरेच तज्ज्ञ लेखी प्रोटोकॉल करून देतात, आणि मग महिन्यातून एखादीच फेरी पुरते.

८. तज्ज्ञासमोर

समोर बसल्यावर जाती-गुणांचे कौतुक कमी आणि प्रश्न जास्त करा. उपचार न केल्यास किती काळ? केल्यास किती, आणि तो काळ कसा जाईल? हेतू बरे करण्याचा आहे की आराम देण्याचा? पूर्ण उपचार, मधला मार्ग आणि फक्त वेदना कमी ठेवणे, या तिन्हींचा एकूण खर्च किती? खर्चाचा प्रश्न लाजून टाळू नका. अर्धी केमो करून सोडण्यापेक्षा सुरुवातीलाच मधला मार्ग निवडलेला चांगला, आणि जाणता डॉक्टर तुम्हाला त्यासाठी कमी लेखत नाही.

काही आकडे आधी माहीत असले की उत्तरे कळायला सोपी जातात. कुत्र्याचा लिम्फोमा उपचाराविना बहुधा एक-दोन महिन्यांचा. अनेक औषधांची केमो दिल्यास १०० पैकी ८० ते ९० कुत्र्यांच्या गाठी बसतात आणि साधारण वर्षभराचे चांगले आयुष्य मिळते, पण कायमचे बरे होणे विरळा. हाडाच्या कॅन्सरमध्ये नुसता पाय काढला तर मध्यम आयुर्मान चार-पाच महिने, वर केमो दिली तर दहा-बारा. तीन पायांवर कुत्रे अपेक्षेपेक्षा फार लवकर चालायला लागते. अडचण बहुतेक वेळा मालकाच्या मनात असते. कुत्रीच्या सडांच्या गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात. मांजरीच्या मात्र ८५ टक्क्यांहून जास्त, म्हणून मांजरीच्या सडाला गाठ लागली तर तिला महिनाभराची मुदत नाही. त्याच आठवड्यात जा. दोन सेंटिमीटरच्या आत काढलेली गाठ आणि त्यापुढची गाठ यांत तिच्या आयुष्याचा मोठा फरक पडतो.

९. शस्त्रक्रिया आणि केमो

पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते. सर्जन गाठीभोवतीची निरोगी कातडीही काढतो. मास्ट सेलमध्ये दोन-तीन सेंटिमीटर आणि खालचा एक थरही. टाके लांबलचक दिसतात म्हणून घाबरू नका. लहान, सुबक टाका बघून खूश झालेल्या मालकाची गाठ पुष्कळदा परत येते. गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन टाके निघेपर्यंत काढायचा नाही, ‘बिचाऱ्याला जेवता येत नाही’ म्हणूनसुद्धा नाही.

माणसांच्या केमोचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून अनेक घरे नकार देतात. जनावरांमध्ये डोस मुद्दाम सौम्य ठेवतात, कारण हेतू त्याला चांगले दिवस मिळावेत हा असतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डचे केस सहसा जात नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे जातात, मांजरांच्या मिशा गळतात. डोस वजनावरून अंगाचे क्षेत्रफळ काढून ठरतो, म्हणून प्रत्येक वेळी वजन होते. प्रत्येक डोसआधी पांढऱ्या पेशी मोजतात आणि त्या कमी असतील तर डोस पुढे जातो. विन्क्रिस्टीनसारखे औषध शिरेबाहेर सांडले तर मांस जळते. म्हणून ते घरी येऊन गडबडीत टोचण्याचे औषध नव्हे. शिरेत घालायची नळी, म्हणजे कॅन्युला, एकाच प्रयत्नात नीट बसली पाहिजे आणि जनावराला धरणारा माणूस खंबीर हवा.

डोसनंतर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. या काळात गुदद्वारातून तापमान घ्यायला शिका. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३.५ च्या पुढे गेले किंवा कुत्रे मलूल झाले तर रात्र असली तरी फोन करा. मूत्र आणि विष्ठा डोसनंतर दोन-तीन दिवस हातमोजे घालून साफ करा आणि जागेवर भरपूर पाणी टाका. केमोची गोळी फोडायची किंवा कुटायची नाही. घरात गरोदर बाई असेल तर ही कामे दुसऱ्याने करावीत.

जेवण गरम, मऊ, वासाचे. अंडे, चिकन, भात, दही चालते. पांढरा-तांबडा रस्सा नाही, कारण कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी मोडतात आणि कोल्हापुरी मसाल्यात तेच तर असते. नळीची हाडेही नकोत. दुखते म्हणून घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात. मेलॉक्सिकॅम चालू असताना प्रेडनिसोलोन देऊ नये आणि प्रेडनिसोलोनवर मेलॉक्सिकॅमही नको. दोन डॉक्टर दोन ठिकाणी लिहीत असतील तर हा घोळ सहज होतो, म्हणून प्रत्येकाला पूर्ण यादी दाखवा. त्यात काढे आणि चूर्णेही आली.

१०. थांबायचे कधी

हे विचारायला तज्ज्ञाकडेच जावे. अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस विलालोबोस यांची एक मोजपट्टी जगभर वापरली जाते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तोवर उपचार पुढे नेणे रास्त. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत, म्हणजे एकाची माया आकडा फुगवत नाही.

दयामरणाचा निर्णय झाला तर ते नोंदणीकृत पशुवैद्याकडूनच आणि लेखी संमतीने. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत संपते. या औषधाचा अंश शरीरात राहतो. घारी-कुत्र्यांनी उकरून खाल्ले तर त्यांना विषबाधा होते, म्हणून खड्डा खोल घ्या.

आणि एक कॅन्सर, ज्याला यातले फारसे काही लागत नाही

गल्लीतल्या कुत्र्याच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गाळणारी गाठ दिसते. तिला टीव्हीटी म्हणतात. हा कॅन्सर संगातून आणि चाटण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशी आजवर जगभर अशा फिरत आल्या आहेत. माणसाला तो होत नाही. निदान सुईने किंवा काचेवर ठसा घेऊन तिथल्या तिथे होते. आठवड्याला एक याप्रमाणे विन्क्रिस्टीनची चार ते सहा इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. पुण्याला जावे लागत नाही, तुमच्या गल्लीजवळचा पशुवैद्य पुरतो. लागते ती दर आठवड्याला त्याच कुत्र्याला पकडून नेणारी दोन माणसे, आणि दोन इंजेक्शनांत गाठ सुकलेली दिसली तरी न थांबण्याची चिकाटी. गल्लीत असे कुत्रे असेल तर तालमीतल्या किंवा मंडळातल्या चार पोरांनी वार वाटून घ्या, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर त्याच दवाखान्यात त्याची नसबंदीही करून घ्या.